दुखवट्याची चाल

त्या दुकानासमोर मी थांबले ती चपलेचा अंगठा तुटला म्हणून. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी लेक चारचौघांत सांगत सुटते की आईने काचेत वस्तू पाहिली आणि आई भुलली. मी भुलणाऱ्यातली नाही. सगळा जन्म सोफ्यांची कव्हरं शिवण्यात गेला माझा. वरून मखमल आणि आत भुसा कसा भरतात, ते मला कोणी शिकवायला नको.

तर अंगठा तुटला, मी भिंतीला हात टेकून वाकले, आणि मान वर केली तर समोर बुद्धिबळाचा पट. लाकडी. भिंतीवरची घड्याळं आणि कॅल्क्युलेटर यांच्या मधोमध ठेवलेला. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात बारीकसा दिवा, आणि त्यातले दोन दिवे लागलेले. मागे पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘एकट्याने खेळा. पट तुमची चाल स्वतः ओळखतो आणि उत्तर देतो.’

तुटकी चप्पल हातात धरून मी ते दोनदा वाचलं. एकट्याने खेळा म्हणे! मेल्यांना लिहायला काय जातं.

आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते, पहाटेची पाळी. दुपारी घरी. मी कारखान्यातून संध्याकाळी यायचे. जेवणं झाली की टेबल पुसायचं, घडीचा पट उघडायचा आणि बसायचं. लग्न झालं त्या वर्षीपासून हा नेम. एकाच खोलीचं घर होतं, करमणूक दुसरी काही नव्हती, म्हणून ह्यांनी मला शिकवलं. उंट तिरका, हत्ती सरळ, घोडा अडीच घरं, आणि वजीर मेला की दुखवटा. म्हणजे ज्याचा वजीर मेला त्याने लागोपाठ दोन चाली खेळायच्या, आणि मारणाऱ्याने मधली एक चाल तोंड मिटून बसून राहायचं. घरात माणूस गेलंय, जरा लाज बाळगायची की नाही? मला तो नियम फार आवडायचा. मी म्हणायचे, ज्याने हा खेळ काढला तो माणूस असला पाहिजे चांगला.

खेळता खेळता आम्ही भांडायचो. घरभाडं, लेकीची शाळा, ह्यांची बहीण, सगळी भांडणं त्या पटावर झाली. एरवी समोरासमोर बसून दोन शब्द बोलायला नवरा-बायकोला वेळ कुठे असतो? पट मांडलेला असला की उठून जाता येत नाही, कारण चाल तुमची असते. त्यामुळे प्रत्येक भांडण शेवटाला जायचं. आता भांडायला घरात भिंती होत्या फक्त. जेवण झालं की मी अजून टेबल पुसत होते, आणि पुसून झालं की पुढे काय करायचं ते मला कळत नव्हतं.

लेकीला विचारलं होतं मी. एकदा नाही, चार-पाचदा. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, दोन बसथांब्यांवर राहते, दर सुट्टीला येते. शाळेत असताना बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळायची. बाप दुपारभर तिला घेऊन बसायचा, मी तेव्हा कारखान्यात. म्हटलं, “ये की, बस माझ्याबरोबर एक डाव.”

“तुझ्याशी नको गं आई. तू भांडतेस.”

“नाही भांडणार.”

“तू आत्ताच भांडतेयस.”

शिकलेली मुलगी, तिला आई अडाणी वाटत असेल, असं मी मनाशी धरून बसले. लागलं मला ते. पण तोंडाला कुलूप घातलं. तिने फोनवर बुद्धिबळ टाकून दिलं आणि म्हणाली, “हे फुकट आहे. हवं तेव्हा खेळ.” मी उघडूनही पाहिलं नाही. काचेवर बोट घासायचं, त्याला काय खेळणं म्हणतात? घोडा हातात आला पाहिजे, त्याचे कान बोटाला लागले पाहिजेत. दुधाची तहान ताकावर भागते एक वेळ, पण दुधाच्या चित्रावर कशी भागेल?

म्हणून मी त्या दुकानात शिरले. अनवाणी एका पायाने.

दुकानदार चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा, वाळका, बोलका माणूस. त्याने मला दोन प्रकार दाखवले. एक प्लॅस्टिकचा, स्वस्तातला. त्यात सोंगटी उचलताना ती आपल्या घरावर दाबायची, टूं वाजलं की उचलायची, आणि नव्या घरात ठेवली की परत दाबायची, परत टूं. मी दोन चाली केल्या. लोकांच्या दाराची घंटा वाजवत फिरल्यासारखं वाटलं.

“आणि काचेतला?”

“त्याची बात वेगळी, ताई. त्याच्या प्रत्येक सोंगटीच्या बुडाशी लोहचुंबक आहे. दाबायचं नाही, काही नाही. तुम्ही उचललं की त्याला कळतं, ठेवलं की कळतं.”

“माणसासारखं?”

“माणसापेक्षा बरं. माणूस मध्येच उठून जातो.”

तो आपला विकण्यासाठी बोलला बिचारा. त्याला काय माहीत, आमचा माणूस मध्येच उठून गेलेला. मी किंमत विचारली. त्याने सांगितली, आणि मी हातातला घोडा तापल्या तव्यावरून हात काढावा तसा खाली ठेवला. “अहो, एवढ्यात नवा सोफा येतो!”

“सोफा खेळत नाही, ताई,” तो म्हणाला.

हजरजबाबी मेला. मला हसू आलं. वर्षात पहिल्यांदा आलं असेल.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मला कळतं. हौसेला मोल नसतं, हेही लोकच म्हणतात. कोणत्या दिवशी कोणती म्हण लावायची ते ज्याचं त्याने ठरवावं. मी दर आठवड्याला कामावरून येताना त्या दुकानात डोकवायला लागले. तो पट सुरू करून द्यायचा, मी चार-सहा चाली खेळायचे, तेवढ्यात कोणी घड्याळाचा सेल बदलायला यायचं आणि डाव मोडायचा. पण त्या चार-सहा चालींसाठी मी सोमवारपासून वाट बघायचे. माझं प्यादं ठेवलं की क्षणभर थांबून समोरचे दोन दिवे लागायचे, इथून उचल, इथे ठेव. उत्तर आलं! मी काहीतरी केलं आणि समोरून उत्तर आलं. घरी आपलं आपणच बोलायचं आणि आपणच ऐकायचं अशी जिची गत झालेली, त्या बाईला हे केवढं वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं.

एकदा तोच म्हणाला, “तुम्हीच घ्या हा. लोक येतात, बघतात, वा वा करतात, फोनवर फुकट मिळतं म्हणतात आणि जातात. काचेत राहून एका बाजूने उन्हाने उडालाय बघा.”

खरंच, एका बाजूची काळी घरं चहाच्या रंगाची झाली होती. मी पटाकडे पाहिलं आणि मग त्याच्या दुकानातल्या बाकाकडे. बाकाचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आला होता, आणि काउंटरपुढची स्टुलं तर विचारू नका. म्हटलं, “ही सगळी बैठक मी नवी करून देते. कापड माझं, स्पंज माझा. वर थोडे रोख देईन. असा बाक करीन की गिऱ्हाईक उठायचं नाही.”

“मग तर तोटाच की माझा,” म्हणाला. पण कबूल झाला.

महिनाभर कारखाना सुटल्यावर मी त्याचा बाक आणि स्टुलं शिवत होते. लेक म्हणाली, “आई, वेड लागलंय का तुला? या वयात, एका खेळण्यासाठी?” मी म्हटलं, “तू बसत नाहीस ना समोर? मग ज्याला बसायचंय त्याला बसू दे.” ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं, झोंबलं.

पट घरी आला त्या संध्याकाळी मी लवकर जेवले. टेबल पुसलं. आणि पुसून झाल्यावर पुढे काय करायचं ते मला माहीत होतं, याचंच मला इतकं बरं वाटलं की मी थोडी रडले. मग डोळे पुसून बसले. मी पांढरी घेतली. ह्यांना कायम काळीच लागायची.

यंत्र बरं खेळत होतं. त्याला हात नाहीत, म्हणून त्याच्या सोंगट्याही मीच हलवायच्या. मी आपली बोलत होते त्याच्याशी. “असं काय? हा उंट कशाला काढलास? बरं बरं, बघते तुझ्याकडे.” डाव रंगला. मी जरा आत घुसले आणि त्याने माझा वजीर मारला. म्हणजे दिवे लागले आणि माझा वजीर मीच उचलून बाजूला ठेवला. हरकत नाही, म्हटलं. दुखवट्याच्या दोन चाली होत्या माझ्याकडे, आणि मी त्या मनात धरूनच आत घुसले होते. पहिली चाल खेळले. त्याचे दिवे लागले.

“थांब,” मी म्हटलं, “अजून माझीच आहे.” आणि दुसरी चाल खेळले.

पट किंचाळला. एक लांब, कर्कश टूं, आणि मी हलवलेला हत्ती होता तिथला दिवा उघडझाप करायला लागला. परत ठेव म्हणे. मी परत ठेवला, परत उचलला. परत तेच. “अरे, माझा वजीर मेलाय!” मी त्याला सांगितलं, मोठ्याने सांगितलं. तिसऱ्यांदाही किंचाळला तेव्हा मी बटण बंद केलं. एवढा महागाचा पट आणि साधी रीत माहीत नाही! नक्की उन्हाने बिघडला असणार, त्या चष्मेवाल्याने बिघडलेला माल माझ्या गळ्यात बांधला असणार. रात्रभर माझा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी पट काखेत मारून दुकानात. “अहो, तुमचा हा पट दुखवटा पाळत नाही!”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. “काय पाळत नाही?”

मी सगळं सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. तो ऐकत राहिला. मनात म्हणाला असेल, नाचता येईना अंगण वाकडं. पण तसं काही बोलला नाही. त्याने तो प्लॅस्टिकचा पट काढला, माझ्यासमोर मांडला, वजीर मारून दाखवला आणि दोन चाली खेळला. टूं. मग कपाटातून एक छोटा, खिशातला काढला. त्यावर तेच. टूं. तिसरा म्हणून माझा सुरू केला. तीन पटांनी एका सुरात मला सांगितलं.

“ताई,” तो हळू म्हणाला, “असा नियम नाहीये बुद्धिबळात.”

“असं कसं? जन्मभर खेळलेय मी!”

“कोणाबरोबर?”

एकाच माणसाबरोबर खेळले होते मी.

“परत करायचा असेल तर ठेवा,” तो म्हणाला. “रोख परत देतो, बाकाचेही पैसे धरतो. तुमचं नुकसान नको.” मी नको म्हटलं की हो म्हटलं ते आठवत नाही. मी पट परत काखेत घेतला आणि चालायला लागले.

रस्ताभर मला एकेक आठवायला लागलं. मी ह्यांचा वजीर मारला की हे म्हणायचे, “जाऊ दे गं, म्हातारा झाला होता. त्याचा काय दुखवटा!” कधी म्हणायचे, “दुसरी चाल सुचत नाही, खेळ तू.” कधी म्हणायचे, “माझ्या वजिराचं घरात कोणाशी पटत नव्हतं.” मी हसायचे. एवढ्या वर्षांत ह्यांनी तो नियम स्वतःसाठी एकदाही वापरला नाही, आणि मला, दुसऱ्याच्या शिवणीतला एक चुकला टाका लांबून दिसणाऱ्या बाईला, ते दिसलं नाही! मला इतका राग आला की रस्त्यात थांबले. मला घरी जाऊन ह्यांच्याशी भांडायचं होतं. “अहो, मी काय दूधखुळी होते? मला फसवलंत? रोज?” असं विचारायचं होतं, आणि ते तोंड चुकवत टेबल पुसायला लागले असते ते बघायचं होतं. आमच्या सगळ्या भांडणांत हे सगळ्यात मोठं झालं असतं. ते गेले त्या दिवशीही त्यांच्यासाठी जीव तुटला नव्हता, तेवढा त्या रस्त्यावर तुटला.

घरी येऊन लेकीला फोन लावला. “दुखवट्याची चाल म्हणून काही असतं का गं?”

ती म्हणाली, “कोणी सांगितलं तुला?”

“म्हणजे तुला माहीत होतं!”

“आई, आधी बस तू खाली.”

“मी बसलेलीच आहे. बोल.”

मग तिने सांगितलं. बापाने तिला सांगितलं होतं, ती दहा वर्षांची असताना. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात मी रोज हरायचे. एका संध्याकाळी ह्यांनी माझा वजीर मारला आणि मी पट ढकलून उठले, म्हणाले, हा खेळ मला नको, परत मांडू नका. मी दारापर्यंत गेले होते म्हणे. तेव्हा ह्यांनी मागून हाक मारली, “अगं, तुझ्या अजून दोन चाली आहेत! वजीर मेला की दुखवटा असतो, सांगायचं राहिलं.” जागच्या जागी बनवलं. मी परत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवलं होतं त्यांनी, पण दुसऱ्या दिवशी मीच आपण होऊन पट मांडला होता, मग त्यांची जीभ उचलेना.

“माझ्याकडून वचन घेतलं होतं,” लेक म्हणाली. “मी तुझ्याशी खेळले असते तर खोटं तरी खेळावं लागलं असतं, नाही तर बाबांना खोटं पाडावं लागलं असतं. ते गेल्यावर तर ते मला कसं जमणार होतं, सांग? म्हणून मी बसत नव्हते.”

“मी भांडते म्हणून नाही?”

“ते पण आहे,” ती म्हणाली. मग आम्ही दोघी फोनवर नाक ओढत बसलो.

“आत्ता ये,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता.”

आली. पर्स खांद्यावरून न काढता खुर्चीत बसली. मी पट मांडला आणि बटण चालू ठेवलं. कोणी लबाडी केली तर ओरडायला तो होताच. तिला दटावून सांगितलं, “हातचं राखून खेळलीस तर तंगडं मोडीन. स्पर्धेत खेळायचीस तशी खेळ.”

“बघ हां.”

“खेळ म्हटलं ना.”

तिने तिसऱ्या-चौथ्या चालीतच माझं काहीतरी उसवलं, ते मला कळलंसुद्धा नाही. वजीर गेला. मी सवयीने दोन चाली मनात जुळवल्या आणि हात आवरला. मग हत्ती गेला, मग शह, परत शह, आणि मात. केलेला चहा प्यायचा राहिला होता, तो गरमच होता. परत मांडायला लावला. दुसरा डाव त्याच्याही आधी संपला. मला वाटायचं, आपल्याला बुद्धिबळ येतं. मला काहीसुद्धा येत नव्हतं! माझ्या पोटची पोर माझ्याकडे न बघता, जणू भाजी निवडत बसावं तशी, मला हरवत होती.

“एवढी चांगली खेळतेस तू?” मी विचारलं.

“मी कुठली चांगली? जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही.” ती सोंगट्या परत जागेवर ठेवत होती. “चांगले बाबा होते.”

“तू त्यांना किती वेळा हरवलंस?”

घोडा तिच्या हातातच राहिला.

“एकदाही नाही, आई. इतकी वर्षं दुपारभर खेळायचो, पण एकदाही नाही.”

मी त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा तरी हरवायचे. आणि हरवलं की दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना सांगायचे.